रिकामी रिंग, थांबलेली रांग: ट्रान्समिट टाइमआउटचा माझा अनुभव

ज्या ड्रायव्हरची (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामची) देखभाल माझ्याकडे आली होती तो एका गिगाबिट नेटवर्क कार्डाचा होता आणि लिनक्सच्या अधिकृत कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य भागात, त्याचा कधीही समावेश झालेला नव्हता. तक्रार अशी होती की रात्री मोठा बॅकअप सुरू असताना सर्व्हरची जोडणी पाच ते दहा सेकंद गोठते आणि मग आपोआप पूर्ववत होते. आठवड्यातून दोन-तीनदाच असे घडत असे. कर्नलच्या लॉगमध्ये वॉचडॉगचा, म्हणजे रांगेवर नजर ठेवणाऱ्या टायमरचा, संदेश होता: शून्य क्रमांकाची ट्रान्समिट रांग (पाठवायच्या पॅकेटांची रांग) ठरलेल्या वेळेत पुढे सरकली नाही.

हा वॉचडॉग काय पाहतो हे मी आधी नीट समजून घ्यायला हवे होते. तो हार्डवेअरची तपासणी करत नाही. ड्रायव्हरने रांग थांबवलेली आहे का आणि त्या रांगेतून शेवटचे पॅकेट पाठवल्याला ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ लोटला आहे का, एवढ्या दोनच गोष्टी तो पाहतो. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले की संदेश छापून ड्रायव्हरचे टाइमआउट फंक्शन बोलावतो. ड्रायव्हरने वेगळी मुदत दिली नसेल तर ती ५ सेकंदांची असते. आमच्या कर्नलमध्ये तपासणीही तेवढ्याच अंतराने होत असल्यामुळे, एका तपासणीनंतर लगेच बिघाड झाला तर तो लक्षात यायला जवळपास १० सेकंद जात. तक्रारीतील ‘पाच ते दहा सेकंद’ याचा उलगडा येथे झाला.

संदेशाखाली छापलेल्या कॉल ट्रेसने, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीने, माझे दोन दिवस खाल्ले. त्यात प्रोसेसर निष्क्रिय असतानाची फंक्शने दिसत होती, म्हणून मी प्रोसेसरच्या वीजबचतीच्या सेटिंगमध्ये शिरलो. प्रत्यक्षात तो ट्रेस वॉचडॉगचा टायमर प्रोसेसरच्या ज्या कोअरवर वाजला त्या कोअरचा असतो. रांग ज्याने अडवली त्याचा त्यात मागमूसही नसतो, आणि हे या संदेशाविषयी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर नेहमीचे उपाय झाले. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड मशीनला जोडणाऱ्या बसची) वीजबचत बंद केली. यांपैकी कशानेही फरक पडला नाही. मग ईथटूल या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनाने टीएसओ, म्हणजे मोठ्या डेटाचे टीसीपी तुकडे कार्डाकडून करून घेण्याची सोय, बंद केली आणि सलग सहा रात्री शांततेत गेल्या. दोष कार्डाच्या टीएसओमध्ये आहे असे मी लेखी कळवलेही. सातव्या रात्री जोडणी पुन्हा गोठली.

या टप्प्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. आमच्या कर्नलमध्ये वॉचडॉगचा तो सविस्तर संदेश मशीन सुरू झाल्यापासून एकदाच छापला जात असे, त्यामुळे दर वेळी मशीन पुन्हा सुरू करणाऱ्या ठिकाणांहूनच तक्रारी येत होत्या. प्रत्येक ट्रान्समिट रांगेसाठी सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागी, टाइमआउटची संख्या सांगणारी एक फाइल असते. ती उघडली तेव्हा ‘आमच्याकडे एकदाच झाले’ असे सांगणाऱ्या मशीनवर ४१ हा आकडा होता.

खरी अडचण आमच्या टाइमआउट फंक्शनमध्येच होती. ते कार्ड रीसेट करण्याचे काम वर्कक्यूकडे, म्हणजे कर्नलच्या नंतर करायच्या कामांच्या रांगेकडे, सोपवत असे. हे योग्यच होते, कारण ते फंक्शन टायमरच्या संदर्भात चालते आणि तेथे झोपण्याची (थांबून वाट पाहण्याची) परवानगी नसते. मात्र रीसेट झाला की रिंगमधील, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांच्या वर्तुळाकार यादीतील, सगळी स्थिती पुसली जाई. जोडणी पूर्ववत होत होती आणि पुरावा नाहीसा होत होता. म्हणून रीसेटपूर्वी पाच गोष्टी लॉगमध्ये लिहिण्याची सोय मी केली: कार्डाच्या रजिस्टरमधील हेड (कार्ड कोठवर पोहोचले) आणि टेल (ड्रायव्हरने कोठवर भरून दिले), ड्रायव्हरने पुढचे डिस्क्रिप्टर (रिंगमधील नोंदी) कोठे भरायचे आणि कोठून साफ करायचे, म्हणजे पाठवून झालेले मोकळे करायचे, याचे दोन निर्देशांक, आणि त्या क्षणापर्यंत आलेल्या इंटरप्टची (काम झाल्याच्या कार्डाच्या इशाऱ्यांची) संख्या.

या पाच आकड्यांवरून तीन शक्यता वेगळ्या करता येतात. टेल पुढे गेले आहे पण हेड जागचे हललेले नाही, असे असेल तर कार्ड अडकले आहे किंवा डीएमए (कार्डाने थेट मेमरी वाचणे) होत नाही. समोरचे उपकरण सतत पॉझ फ्रेम (थोडा वेळ पाठवणे थांबवा असे सांगणारे संदेश) पाठवत असेल तरीही चित्र असेच दिसते, म्हणून फ्लो कंट्रोलचे काउंटर सोबत पाहावे लागतात. गिगाबिट वेगाला एक पॉझ फ्रेम जास्तीत जास्त सुमारे ३३.५ मिलिसेकंदच थांबवू शकते, तेव्हा ५ सेकंदांचा खोळंबा व्हायला अशा फ्रेमची रीघच लागते आणि ती काउंटरमध्ये लपत नाही. हेड टेलपर्यंत पोहोचले आहे पण साफसफाई मागे राहिली आहे, तर इंटरप्ट हरवला आहे किंवा पोलिंग (इंटरप्टनंतर ड्रायव्हरने रिंग तपासणे) झालेले नाही. तिसरी शक्यता अशी की चारही आकडे एकाच जागी आहेत, म्हणजे कार्डाने सर्व काही पाठवले, ड्रायव्हरने सर्व काही साफ केले, रिंग पूर्ण रिकामी आहे आणि तरीही रांग थांबलेली आहे.

चार दिवसांनी पहिली नोंद हाती आली आणि ती तिसऱ्या प्रकारची होती. माझा तिच्यावर विश्वास बसेना, म्हणून आणखी दोन नोंदींची वाट पाहिली. त्याही तशाच निघाल्या. रिकाम्या रिंगमधून नवा इंटरप्ट येण्याचे काही कारण नसते आणि इंटरप्ट आल्याशिवाय रांग पुन्हा सुरू करणारा कोणी नसतो. ही कोंडी हार्डवेअरने केलेली नव्हती.

मग पाठवणारे आणि साफ करणारे फंक्शन मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. पाठवणारे फंक्शन एका कोअरवर जागा मोजते, ती अपुरी आहे असे त्याला आढळते, आणि ते रांग थांबवणार एवढ्यात दुसऱ्या कोअरवरील साफसफाई संपूर्ण रिंग मोकळी करून ‘रांग थांबली आहे का’ असे विचारते. उत्तर ‘नाही’ येते, कारण ती अजून थांबवलेली नसते, आणि साफसफाई निघून जाते. त्यानंतर पहिला कोअर जुन्या मोजणीच्या आधारे रांग थांबवतो. थोडीशीच साफसफाई झाली असती तर उरलेल्या डिस्क्रिप्टरच्या वेळी रांग सुरू झाली असती, पण इंटरप्ट मॉडरेशनमुळे (अनेक इंटरप्ट एकत्र करून उशिरा देण्यामुळे) बऱ्याचदा अख्खी रिंग एका फेरीत मोकळी होत होती. टीएसओ बंद केल्यावर आजार का दबला तेही उमगले: मोठ्या पॅकेटला १७ तुकडे आणि मूळ भाग धरून १८ डिस्क्रिप्टरही लागू शकतात, तेवढे लागेनासे झाल्यावर रिंग भरण्याचे प्रसंगच कमी झाले.

समजले म्हणजे सिद्ध झाले असे मी मानले नाही. रिंगचा आकार २५६ वरून ६४ वर आणला, मॉडरेशनचा कालावधी वाढवला आणि इंटरप्ट पाठवणाऱ्या प्रोग्रामपेक्षा वेगळ्या कोअरवर बांधला. आठवड्यातून दोन-तीनदा होणारा बिघाड आता तीन-चार तासांत होऊ लागला. या शोधात मला सर्वांत मोठा आनंद झाला तो त्या दिवशी.

दुरुस्ती मोजक्या ओळींची होती. पाठवणाऱ्याने आधी रांग थांबवायची, मग मेमरी बॅरियर (आधीचे लेखन नंतरच्या वाचनाआधी पूर्ण करवणारी सूचना) टाकून जागा पुन्हा मोजायची आणि ती पुरेशी असेल तर रांग लगेच सुरू करायची. साफ करणाऱ्याने आपला निर्देशांक लिहायचा, मग बॅरियर टाकायचा आणि त्यानंतरच रांग थांबली आहे का ते पाहायचे. असे केल्यावर दोघांपैकी निदान एकाला दुसऱ्याने केलेला बदल दिसतोच. साफसफाईतला बॅरियर मी पहिल्या वेळी गाळला होता, कारण एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या घराण्याचे) प्रोसेसर क्रम पाळतात अशी माझी समजूत होती. आधीचे लेखन आणि नंतरचे वाचन यांचा क्रम तेथेही बदलू शकतो, आणि १९ तासांच्या चाचणीनंतर आलेल्या एका टाइमआउटने ते मला दाखवून दिले. लिनक्स ६.४ पासून नेमक्या याच कामासाठी तयार मॅक्रो (कोडचे आयते तुकडे) मिळतात. आमचा कर्नल त्याहून जुना असल्याने मला ते हाताने लिहावे लागले.

दोन्ही बॅरियर घातल्यावर तीच जाचक चाचणी नऊ दिवस चालवली आणि टाइमआउटची संख्या शून्य राहिली. टीएसओ पुन्हा सुरू केले आणि कार्डावर ठपका ठेवणारे माझे पत्र मी दुरुस्त करून पाठवले. नोंदीची सोय मात्र ड्रायव्हरमधून काढली नाही. दोन महिन्यांनी एका मशीनवरून नवी नोंद आली, तिच्यात हेड आणि टेल या दोन्ही रजिस्टरांचे सर्व बिट १ होते. कार्ड पीसीआय एक्सप्रेस बसवर उत्तरच देत नसेल तर असे वाचन मिळते, त्यामुळे त्या वेळी आम्ही ड्रायव्हरचा कोड न उघडता सरळ कार्डाचा स्लॉट तपासायला घेतला.