आलेखावरचे दाते

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांसारखा लेसरप्रकाश काढणारे यंत्र, नागपुरात नाही. आमच्या भौतिकशास्त्र विभागात त्याचे काम चालते ते संगणकावर, कूलरच्या घरघरीत. मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या संशोधक विद्यार्थिनीने पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "सर, अस्थिरता सापडली." दुसऱ्या संपीडकातून, म्हणजे पुंज आखूड करणाऱ्या चुंबकांच्या वळणवाटेतून, निघालेल्या इलेक्ट्रॉन-पुंजाच्या प्रवाहाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता.

अशी अस्थिरता असते खरी. पुंजात इलेक्ट्रॉन कुठे जरासे दाटले, की परस्पर प्रतिकर्षणाने पुढच्यांची ऊर्जा वाढते, मागच्यांची घटते आणि चुंबकांच्या वळणवाटेत या ऊर्जाभेदातून घनतेची आणखी मोठी लहर उभी राहते. मला शंका होती ती कणांच्या संख्येची. २५० पिकोकूलॉम विद्युतभाराच्या पुंजात सुमारे १५६ कोटी इलेक्ट्रॉन असतात. तिने त्यांच्या जागी १० लाख प्रातिनिधिक कण घेतले होते, त्यामुळे तिच्या पुंजातला गोंगाट प्रत्यक्षाहून जवळजवळ ४० पट होता.

"कण शंभरपट कर."

"सर, रात्रभर चालेल. लाईट गेली तर?"

लाईट गेली नाही. सकाळी दाते जवळपास दहाव्या हिश्श्यावर आले होते, म्हणजे ते मुख्यतः कमी कणांचा गोंगाटच होते, आणि तिचा चेहराही उतरला होता. मग आम्ही पुंजावर सुरुवातीलाच ठरावीक तरंगलांबीची एक टक्क्याची लहर मुद्दाम घातली. संपीडन जितके पट, तितकीच ती आखूड होऊन बाहेर आली, आणि वाढूनही आली. कण कमी-जास्त केले तरी ती वाढ तशीच राहिली. ही मात्र खरी अस्थिरता.

उपाय ऐकून ती हसली, कारण नागपूरच्या मे महिन्यात मी तिला पुंज तापवायला सांगत होतो. अमेरिकेतील एलसीएलएस या यंत्रात १३५ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) पुंजावर अर्ध्या मीटरच्या अन्ड्युलेटरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नागमोडी नेणाऱ्या चुंबकांच्या रांगेत, लेसर सोडून ऊर्जेचे विखुरणे काही केईव्हीवरून (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) सुमारे २० केईव्हीपर्यंत नेतात, म्हणजे संपीडकात लहर पुसली जाते. तिने २० केईव्ही घातले आणि आमची लहर विरली. उत्साहाने तिने आकडा चढवत नेला, तेव्हा क्ष-किरणांची शक्तीच ढासळली, कारण संपीडनात हे विखुरणेही पटीने वाढते आणि कठीण क्ष-किरणांसाठी पुंजाच्या ऊर्जेच्या साधारण दोन हजाराव्या भागापलीकडे ते खपत नाही. प्रबंधात पहिल्या आलेखाच्या जागी तिने शक्ती आणि तापवणे यांचा हा आलेख घातला.