दोन तळघरं आणि एक चुकलेलं "वा!"

ताईकडे जर्सी सिटीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सोमवारी संध्याकाळी नदीपलीकडे न्यूयॉर्कला जाणारी पाथ ट्रेन पकडली आणि दोघं तिथल्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये उतरलो, व्हिलेज व्हॅन्गार्ड या जॅझ क्लबला. लाल दार, अरुंद जिना, खाली पाचरीसारखी निमुळती होत गेलेली खोली. 1935 पासून चालू आहे हे. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सचं 1961 चं ते लाइव्ह रेकॉर्डिंग याच खोलीतलं, ज्यात मागे ग्लासांचा किणकिणाट येतो.

सोमवारी इथे मोठा बँड वाजतो, 1966 पासूनची प्रथा. मी ड्रमरच्या अगदी बाजूला. एका संथ गाण्यात सगळे एकदम थांबले, ड्रमरने ब्रश (काठीऐवजी वापरतात तो तारांचा झुबका) वर उचलला आणि तसाच धरून ठेवला, आता लहानपणी चार वर्षं तबला बडवलेला माणूस मी, मला वाटलं आली सम, आणि खणखणीत "वा!" गेलं तोंडातून. सम आलीच नव्हती! ती आली नंतर, अगदी आरामात. ताईने कोपर मारलं. एका सॅक्सोफोनवाल्याने भुवई उडवली, दाद की शिवी देव जाणे.

पूर्वी इथे कॉमेडियनही असायचे म्हणे, लेनी ब्रूससुद्धा. तो तर जॅझवाल्यांच्याच संगतीतला, बोलायचाही तसाच, सुचेल तसं.

मग चालत मॅकडुगल स्ट्रीटवर कॉमेडी सेलर, स्टँड-अप कॉमेडीचा क्लब. हेही तळघरच, मागे विटांची भिंत. स्टेजवर एक बाई आईच्या फोनबद्दल बोलत होती. वाक्य टाकलं, ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि प्यायलीच नाही, खाली ठेवला. आधी कोपऱ्यातून एक जण फिसकन हसला मग सगळी खोली. हशा ओसरायला लागला पण पुरता संपला नव्हता तेवढ्यात पुढचा शब्द. अरे हा तर तोच ब्रश! आपल्याकडे बतावणीत निदान सोंगाड्याला ढोलकीवाला असतो थाप द्यायला, इथे बाई एकटीच, ग्लास हीच ढोलकी. या वेळी मी तोंड गच्च मिटून बसलो होतो.

रात्री उशिरा घरी पोचलो तर भावजी जागेच. ताईने सगळं रंगवून सांगितलं, ब्रश वर गेला, सगळे चिडीचूप, आणि मग हा... म्हणाली आणि शांतपणे चहाचा घोट घेतला.

भावजी तिथेच फुटले. माझं "वा!" तिने सांगितलंही नव्हतं अजून.