सर्टिफिकेट मिळत नाही, तरी या

आमच्या वेबसाइटवाल्यांच्या मेळाव्याला नवा पोरगा आला की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, सर्टिफिकेट मिळतं का?" नाही मिळत. "मग नोकरीचं काही?" तेही नाही. चहा मिळतो, आणि तो चांगला असतो, एवढं छातीठोकपणे सांगते. निम्मी पोरं पुढच्या वेळी दिसत नाहीत. चालायचंच.

मी मुळात डीटीपीवाली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल लावायची. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी, ही माझी सॉफ्टवेअरं. मग गिऱ्हाईकंच म्हणायला लागली, "पत्रिका केलीस, आता वेबसाइट पण कर की." अशी या धंद्यात आले. शिकवायला कुणी नव्हतं, पण वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, फुकट होतं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ मध्ये बी-टू नावाच्या जुन्या प्रोग्रॅमवरून ते उभं केलं. लायसन्स जीपीएल, म्हणजे कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, त्यावर पोट भरावं. त्याच्याभोवतीचे मेळावेही त्याच वळणाचे. पहिला वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाला. आजही वर्डकॅम्पला वक्त्याला मानधन नसतं आणि आयोजक घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. आपल्या कोल्हापुरातही वर्डकॅम्प झालाय. पण माझा जीव रमतो तो छोट्या बैठकीत. वीसपंचवीस माणसं, एक प्रोजेक्टर आणि कुणालाही मधेच थांबवून विचारायची मुभा.

एक गोष्ट मात्र मी आता हट्टानं मागते. बोलणाऱ्यानं स्लाइड बाजूला ठेवाव्यात आणि स्वतः केलेली साइट उघडावी. "वेबचं भविष्य" वगैरे विषय आला की मी सरळ चहाकडं जाते. भविष्य बंगळुरूवाले बघून घेतील. आपल्याला हुपरीच्या चांदीवाल्याची साइट उद्या सकाळपर्यंत सुरू करायची असते.

हुपरीचाच किस्सा सांगते. एका पोरानं तिथल्या व्यापाऱ्यासाठी लेख टाकला होता, "हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे प्रकार आणि त्यांची निगा". मथळा झकास. पण पानाचा पत्ता बघितला तर "हुपरीच्या-चांदीच्या-दागि" एवढ्यावरच तुटलेला. पोराला वाटलं, प्लगिन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बिघडलं. काढून परत टाकलं, तरी "दागि". बैठकीत त्यानं ते पडद्यावर दाखवलं तेव्हा सगळे आधी पोटभर हसले, मग हिशेब मांडायला बसले.

पत्त्यात देवनागरी चालते, पण आत साठवताना वर्डप्रेस प्रत्येक अक्षराचं रूपांतर टक्क्याची खूण आणि आकडे-अक्षरं यांच्या माळेत करतं. एका चिन्हाला नऊ जागा लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, अगदी पाय मोडायची खूण सुद्धा वेगळं चिन्ह, त्याला वेगळ्या नऊ जागा. एकूण जागा २००. म्हणजे बावीस चिन्हांत खेळ खलास. "हुपरीच्या" या एका शब्दातच नऊ चिन्हं जातात. इंग्रजी मथळ्याला तेवढ्याच जागेत २०० अक्षरं मिळतात, त्यामुळे परदेशातल्या कुठल्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. त्यांना ते कधी टोचलेलंच नसतं. उपाय साधा आहे. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द हातानं टाकायचे. मग व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती टक्क्यांची लांबलचक शेपूटही दिसत नाही.

तसंच मथळ्यांचं. विकतच्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, इंग्रजी मथळे ऐटदार दिसावेत म्हणून अक्षरांत अंतर टाकलेलं असतं. त्यात मराठी घातली की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत. लेटर-स्पेसिंग शून्य करा, ओळींतलं अंतर वाढवा, म्हणजे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांत अडकणार नाहीत. आम्हा डीटीपीवाल्यांच्या डोळ्यांना हे लगेच खुपतं, इंजिनिअर पोरांना दाखवून द्यावं लागतं.

सगळ्यात रंगलेली बैठक मात्र तांत्रिक नव्हती. उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले काका आले होते, कुणाचं तरी गिऱ्हाईक म्हणून. म्हणाले, "वेबसाइट माझी, पैसे माझे, आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, ती करणाऱ्या पोराच्या नावावर. पोरगा गेला दुबईला. फोन लागत न्हाई." मुदत संपली, साइट बंद, तिच्याबरोबर ईमेलही बंद. तो ईमेल बिलावर, कार्डावर, बाहेरच्या पार्ट्यांना पाठवलेल्या कॅटलॉगवर. डॉट-कॉमची मुदत संपल्यावर ते लगेच कुणी पळवत नाही. आधी नेहमीच्या दरात नूतनीकरणाला थोडे दिवस असतात, मग जादा पैसे भरून सोडवून घ्यायला ३० दिवस. पण ते सोडवायचं खातं ज्याच्या ताब्यात, तो फोन उचलत नसेल तर करायचं काय?

लगेच दोन तट पडले. एक पोरगा तावातावानं म्हणाला, "काका, डोमेन आमच्या हातात नसलं तर गिऱ्हाईक पैसे बुडवतं. मग आम्ही त्याला धरायचं कुठं?" यातही खोटं काही नाही. काम पूर्ण झाल्यावर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणारी मंडळी इथं बसलेल्या प्रत्येकाला भेटलीत. मलाही.

काका शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं गिऱ्हाइकाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, वर्षानुवर्षं पडून असतो. सांभाळतो आम्ही, वापरतो आम्ही. पण मालकी त्याची, आणि त्यावर नाव पण त्याचंच घालतो. पैशासाठी अॅडव्हान्स घेतो की. पॅटर्न दाबून ठेवला तर दुसरं कास्टिंग कोण देईल?"

यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून आमच्यातले बरेच जण डोमेनचं खातं गिऱ्हाइकाच्या ईमेलवर उघडतात, पैसे त्याच्याच कार्डावरून भरायला लावतात आणि स्वतःकडं फक्त कामापुरता प्रवेश ठेवतात. निम्मे पैसे आधी घ्यायचे, हेही तेव्हाच ठरलं. सगळे पाळतात असं नाही. तो तावातावानं बोलणारा अजून पाळत नाही, पण येतो दरवेळी.

दराबद्दल मात्र अजून कुणी मोकळं बोलत नाही. एकाच गल्लीतले तिघं एकाच डॉक्टरला कोटेशन देऊन आलेले असतात आणि बैठकीत शेजारी बसून "काय भावा, काम कसं चाललंय?" विचारतात. मी एकदा फळ्यावर माझे दर लिहून बघितले. सगळ्यांनी फोटो काढले, आपले कुणी सांगितले नाहीत!

पुढच्या बैठकीचा विषय आहे चौकशी फॉर्ममधून येणारा स्पॅम. बोलणार तोच "दागि"वाला पोरगा, आणि साइट उघडूनच दाखवणार. ज्यांच्या फॉर्ममध्ये रशियन भाषेतून कर्जाच्या ऑफर येतात, त्यांनी त्या पुसून न टाकता घेऊन यावं. चार्जर आणि जमलं तर एक्स्टेंशन बोर्ड आणा, हॉलमध्ये चालू प्लग एकच आहे आणि तो प्रोजेक्टरला लागतो.