सगळे भाग सर्टिफाइड, तरी यंत्र फेल का होतं?

प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी असाच येतो: "पॉवर सप्लायवर सीई मार्क आहे, वायफाय मॉड्यूलला अमेरिकेच्या एफसीसीची मान्यता आहे, टचस्क्रीनचा टेस्ट रिपोर्टही हातात आहे. आम्ही फक्त हे सगळं एका खोक्यात बसवलं. मग पुन्हा लॅबमध्ये कशाला जायचं? आणि गेलो तर फेल कसे झालो?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कायद्याची बाजू आधी उरकून टाकू. ईएमसी (यंत्रांनी एकमेकांत विद्युत अडथळा आणू नये यासाठीचा, 2014/30/ईयू) आणि लो व्होल्टेज (विजेच्या सुरक्षिततेचा, 2014/35/ईयू) या युरोपीय निर्देशांपुरतं बोलायचं, तर सीई मार्क ही बनवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलेली घोषणा असते. तयार यंत्र तुमच्या नावाने बाजारात आलं की घोषणा तुमची. आतल्या भागांवरचे मार्क एकत्र करून ती आपोआप तयार होत नाही.

इंजिनिअरला पटणारं कारण मात्र वेगळं आहे. कुठलाही रिपोर्ट एका ठरावीक मांडणीचा असतो. पॉवर सप्लायचंच घ्या. चाचणीच्या टेबलावर तो बहुतेक वेळा रेझिस्टिव्ह लोडवर चालतो, आउटपुटच्या तारा आखूड असतात, आणि आउटपुट कशालाही न जोडता तरंगतं ठेवलेलं असतं. तुमच्या यंत्रात त्याच आउटपुटचा निगेटिव्ह चासिसला जोडलेला आहे, चासिस अर्थला, आणि शिवाय दीड मीटरची यूएसबी केबल बाहेर लोंबते आहे. सप्लाय तोच, पण करंटला फिरायला रस्ते नवे.

हा करंट येतो कुठून? फ्लायबॅकच्या (छोट्या पॉवर सप्लायमधलं नेहमीचं स्विचिंग सर्किट) प्रायमरीवर स्विचिंगच्या वेळी 400 व्होल्ट साधारण 50 नॅनोसेकंदांत हलतात असं धरा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये 50 पिकोफॅरड जरी कपॅसिटन्स असला, तरी सी गुणिले डीव्ही बाय डीटी या हिशेबाने 0.4 अँपिअरचा झटका पलीकडे जातो. ट्रान्सफॉर्मरमधली शील्ड वाइंडिंग आणि वाय कपॅसिटर (मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये जोडलेला सेफ्टी वर्गाचा कपॅसिटर) यांचं काम त्याला जवळच्या वाटेने परत पाठवण्याचं. त्यातून जे निसटतं ते केबलवर कॉमन मोड करंट (सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा करंट) म्हणून चढतं, आणि केबल अँटेना बनते.

निसटलेलं किती चालतं, हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरा वाटत नाही. सीआयएसपीआर 32 (यंत्रांच्या रेडिओ उत्सर्जनाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या क्लास बी मध्ये, म्हणजे घरगुती वापराच्या वर्गात, 30 ते 230 मेगाहर्ट्झला 10 मीटरवर 30 डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर ही मर्यादा आहे. 3 मीटरवर 40, म्हणजे 100 मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. 50 मेगाहर्ट्झला 1 मीटर केबलमधून एवढं क्षेत्र तयार व्हायला ढोबळमानाने 5 मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट पुरतो. साधा इंडिकेटर एलईडी 5 मिलिअँपिअर घेतो. त्याच्या हजाराव्या भागाने तुमचं यंत्र फेल होतं. सप्लायच्या रिपोर्टमध्ये तुमची केबल नव्हतीच, तर तिच्यातला करंट त्यात दिसणार कसा?

लोडचंही तेच. रिपोर्ट पूर्ण लोडचा असतो; तुमचं यंत्र स्टँडबायमध्ये सप्लायला जेमतेम 10 टक्के लोड देतं. कमी लोडवर बरेच कंट्रोलर पल्स गाळतात किंवा फ्रीक्वेन्सी बदलतात. 65 किलोहर्ट्झवर चालणारे इतके सप्लाय का दिसतात ते पाहा: दुसरा हार्मोनिक 130 ला येतो आणि कंडक्टेड चाचणी (मेन्सच्या तारेतून बाहेर पडणारा नॉइज मोजणारी) 150 किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे दोन मोठे सूर मोजणीबाहेरच राहतात. चतुराई आहे, गैर काही नाही. पण लोडप्रमाणे फ्रीक्वेन्सी सरकणाऱ्या टोपोलॉजीत (सर्किटच्या रचनेत) हे गणित तुमच्या लोडवर बसेलच असं नाही.

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा. उत्सर्जन कमी होईना की पहिला हात वाय कपॅसिटरकडे जातो: 2.2 नॅनोफॅरडचा काढा, 4.7 चा लावा. ग्राफ खरंच खाली येतो. पण हा कपॅसिटर मेन्स आणि माणूस हात लावतो तो भाग यांच्यामधला पूल आहे. थेट लाइनपासून आउटपुटपर्यंत जोडलाय असं धरून, 264 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ या वाईट स्थितीत 4.7 नॅनोफॅरडमधून 0.47 मिलिअँपिअर वाहतो. आयईसी 62368-1 (आयटी आणि ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांच्या सुरक्षिततेचं मानक) मध्ये ईएस1 साठी, म्हणजे हात लावायला सुरक्षित मानलेल्या पातळीसाठी, मेन्स फ्रीक्वेन्सीला 0.5 मिलिअँपिअर आरएमएस ही हद्द आहे. पास वाटतंय? कपॅसिटरचा टॉलरन्स (छापील मूल्यापेक्षा कमी-जास्त असण्याची मुभा) 20 टक्के असेल, तर वरच्या टोकाला 0.56 होतो. नमुना पास, उत्पादनातले काही नग फेल. वैद्यकीय उपकरणात, आयईसी 60601-1 च्या सामान्य स्थितीतल्या 100 मायक्रोअँपिअर टच करंटच्या मर्यादेत, याच हिशेबाने जेमतेम 1 नॅनोफॅरड बसतो.

भागांची बेरीज इथेच फसते. 2.2 नॅनोफॅरडचे दोन सप्लाय घ्या, दोन्ही टू-पिन (अर्थ नसलेले), दोन्ही सर्टिफाइड. एकेकटा 0.22 मिलिअँपिअर, अगदी निवांत. दोघांचे आउटपुट निगेटिव्ह तुमच्या बोर्डवर एक झाले की 0.44, आणि टॉलरन्स वरच्या बाजूला गेला तर 0.53. दोन्ही सर्टिफिकेटं खरी आहेत आणि यंत्र तरीही मर्यादेबाहेर आहे.

आणि या जागी नुसता जास्त व्होल्टेजचा सिरॅमिक कपॅसिटर कधीही टाकू नका, डेटाशीटवर 2 किलोव्होल्ट लिहिलेलं असलं तरी. त्या जागेला लागेल त्या वाय वर्गाचा (वाय1 किंवा वाय2), सेफ्टी मान्यता असलेलाच हवा. तो बिघडताना शॉर्ट होऊ नये याची वेगळी परीक्षा झालेली असते. साधा सिरॅमिक शॉर्ट झाला तर मेन्स सरळ माणसाच्या हातात येते.

ओपन फ्रेम (स्वतःचं खोकं नसलेल्या) सप्लायवर युएल या अमेरिकी सेफ्टी तपासणी संस्थेची उलटी आर आणि यू अशी खूण असते. ती रेकग्नाइज्ड कंपोनंटची, म्हणजे काही अटींवर स्वीकारलेल्या भागाची. त्या अटी, कंडिशन्स ऑफ ॲक्सेप्टेबिलिटी, रिपोर्टमध्ये शेवटाकडे कुठेतरी असतात आणि सहसा कोणी वाचत नाही. कमाल तापमान, पोल्यूशन डिग्री (आसपास धूळ-ओल किती), कोणत्या दिशेने बसवायचा, लीकेज (मेन्समधून झिरपणारा करंट) अंतिम यंत्रात मोजायचा, अशी ती यादी असते. बसवतानाची एक साधी चूक सांगतो: स्क्रूखाली सांगितल्यापेक्षा मोठा वॉशर गेला, किंवा स्टँडऑफ जाड घेतला, की प्रायमरी ट्रॅकपासून धातूपर्यंतचं अंतर दोन-एक मिलिमीटरने घटतं. सर्टिफिकेट ज्या क्लिअरन्सवर मिळालं तोच आता उरला नाही.

रेडिओ मॉड्यूलबद्दल थोडक्यात: एफसीसीची मॉड्युलर मान्यता ट्रान्समीटरची आहे, ठरलेल्या प्रकारच्या अँटेनासह. अँटेना वेगळ्या प्रकारचा किंवा जास्त गेनचा लावलात, किंवा शरीरापासूनचं ठरलेलं अंतर (बऱ्याचदा 20 सेंटिमीटर) पाळलं नाहीत, तर ती तशीच लागू होत नाही. तुमच्या प्रोसेसरचा, रॅमचा, डीसी-डीसी कन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट (नॉइज) वेगळा तपासावाच लागतो.

लॅबमध्ये जाण्याआधी टेबलावर काय करता येईल? माझा कल स्पष्ट आहे: एकच वस्तू विकत घेणार असाल तर आरएफ करंट क्लँप (केबलभोवती बसवून तिच्यातला रेडिओ फ्रीक्वेन्सीचा करंट मोजणारा चिमटा) घ्या. स्पेक्ट्रम ॲनालायझरला (फ्रीक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणारं यंत्र) तो जोडा, 30 मेगाहर्ट्झच्या वर रिझोल्यूशन बँडविड्थ 120 किलोहर्ट्झ ठेवा. आधी यंत्र बंद ठेवून एक स्वीप जपून ठेवा, नाहीतर 88 ते 108 मधली एफएम स्टेशनं स्वतःच्या बोर्डवर शोधत बसाल. मग यंत्र चालू करून एकेका केबलवर, यंत्राच्या टोकापासून सुरुवात करून, क्लँप हळूहळू सरकवत कमाल जागा पाहा. वरच्या फ्रीक्वेन्सीला करंट केबलभर सारखा नसतो. क्लँपचा ट्रान्सफर इंपिडन्स (करंटच्या मानाने तो किती व्होल्टेज देतो) 5 ओहम असेल तर 5 मायक्रोअँपिअर म्हणजे 25 मायक्रोव्होल्ट, पडद्यावर 28 डेसिबल मायक्रोव्होल्ट. मी 22 च्या खाली, म्हणजे 6 डेसिबल शिल्लक ठेवून, आल्याशिवाय लॅबची तारीख घ्या असं सांगणार नाही. मग एकेक केबल काढून बघा. जी काढल्यावर शिखर पडतं, बिघाड तिथेच आहे हे कळलं.

कंडक्टेडसाठी एलआयएसएन (मेन्स आणि यंत्र यांच्यामध्ये बसवून तारेतला नॉइज मोजायची पेटी) वापरणार असाल तर एक इशारा. त्यातले कपॅसिटर मोठे असतात. 230 व्होल्टला अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट अर्थमध्ये जाऊ शकतो. लीकेज ब्रेकर लगेच उडतो, आणि अर्थ सुटलेला असेल तर एलआयएसएनची पेटीच मेन्सवर येते. म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे हवा, आणि अर्थची पट्टी सगळ्यांत आधी जोडायची, सगळ्यांत शेवटी काढायची. ॲनालायझरच्या तोंडाशी ट्रान्झियंट लिमिटर ठेवा. यंत्राचं बटण दाबतानाच इनपुट मिक्सर जळतात.

दोष बहुतेक वेळा सापडतो तो शील्डच्या शेपटीत. केबलची जाळी पिळून 25 मिलिमीटरची तार केली आणि स्क्रूला लावली, की सुमारे 25 नॅनोहेन्री झाले; 100 मेगाहर्ट्झला 16 ओहम. ईएसडीच्या (स्थिर विजेची ठिणगी पडण्याच्या) वेळी हे जास्त बोचतं. आयईसी 61000-4-2 प्रमाणे 4 किलोव्होल्टच्या कॉन्टॅक्ट डिस्चार्जचं पहिलं शिखर 15 अँपिअरचं, चढायला 0.8 नॅनोसेकंद. त्या इंचभर तारेवर साडेचारशेच्या वर व्होल्ट उभे राहतात, आणि त्याच्या शेजारीच तुमची रीसेटची लाइन असते. जाळी कनेक्टरच्या धातूला चहूबाजूंनी क्लँप करा. कनेक्टर बसतो तिथला पावडर कोटिंग किंवा ॲनोडायझिंगचा थर काढलेला आहे का, हे मल्टिमीटरने तपासा. दोन्ही थर वीज वाहू देत नाहीत, आणि ड्रॉइंगवर "इथे मास्किंग करा" असं लिहिलं नसेल तर रंगवणारा सगळीकडे रंगवणारच.

हे सगळं करून पास झालात की पुरवठादाराला एक पत्र पाठवा. नुसतं सर्टिफिकेट घेऊ नका. मांडणीच्या फोटोंसह पूर्ण रिपोर्ट मागा: लोड किती होता, आउटपुट अर्थ केलं होतं की तरंगतं होतं. वाय कपॅसिटरची मूल्यं (किती नॅनोफॅरड) लेखी घ्या. आणि ट्रान्सफॉर्मर किंवा मॉस्फेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) बदलण्याआधी आम्हाला कळवायचं, ही अट ऑर्डरमध्येच घाला. वाइंडिंगवाला बदलला तरी इन्सुलेशन तेच राहतं, त्यामुळे सेफ्टी सर्टिफिकेट आणि मॉडेल नंबर दोन्ही तसेच राहतात. शील्डचे वेढे मात्र उलटे गुंडाळले गेले तर तुमची 6 डेसिबलची शिल्लक गेलेली असते, आणि ते बाहेरून पाहून कोणालाही कळत नाही. नव्या लॉटमधला एक सप्लाय काढायचा, यंत्रात बसवायचा, आणि त्याच केबलवर तोच क्लँप लावून जुन्या स्वीपशी ताडून पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे.