दाराला कुलूप कारखान्याचं, जबाबदारी ब्रँडचीही

शिलाई कारखान्यात आग लागली की पहिला प्रश्न विचारायचा: दार उघडं होतं का?

१९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १४६ कामगार गेले. माल चोरीला जाऊ नये म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीत अली एंटरप्रायझेसमध्ये अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथेही बंद दारं आणि खिडक्यांना गज. काही आठवडे आधीच त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणारं प्रमाणपत्र मिळालं होतं. म्हणून मी प्रमाणपत्रापेक्षा दाराकडे बघते.

शिफ्ट चालू असताना दार आतून, किल्लीशिवाय, एका धक्क्यात बाहेर उघडलं पाहिजे. शटर किंवा जाळीचं सरकतं दार बाहेर पडायच्या वाटेवर नकोच. गर्दीचा रेटा आला की ते अडकतं, आणि जाळीचं दार तर धूर अडवतच नाही. प्रत्येक मजल्यावर जिन्याला आपोआप मिटणारं आगरोधक दार लागतं. उकाड्यामुळे त्याला पाचर मारून उघडं ठेवतात, आणि मग जिनाच धुराडं होतो. कापडाचे तागे, सूत, तयार खोकी यांचं गोदाम जिन्यापासून भिंतीने वेगळं हवं. ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्यात २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आग तळमजल्यावरच्या अशाच साठ्यात लागली, आणि जिने तिथेच उतरत होते. भोंगा वाजल्यावरही सुपरवायझरांनी लोकांना मशीनवर परत बसवलं. किमान ११२ मृत्यू.

परत का बसवलं? कारण माल वेळेत गेला नाही तर ब्रँडचा दंड किंवा माल विमानाने पाठवायचं भाडं कारखान्याच्या माथी येतं. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या शिलाई कारखान्यांच्या बहुमजली इमारतीत २३ एप्रिल २०१३ ला भेगा दिसल्या. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी बोलावलं गेलं. इमारत कोसळली, १,१३४ जण मेले. तिथल्या काही कारखान्यांचं सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, झालेलं होतं, पण ते ऑडिट इमारतीचे खांब तपासतच नव्हतं.

त्यानंतर मे २०१३ मध्ये झालेला बांगलादेश अकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षेचा करार मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर ब्रँड आणि कामगार संघटना दोघांच्या सह्या होत्या आणि तो कायद्याने बंधनकारक होता; २०२१ पासून त्याची जागा तशाच आंतरराष्ट्रीय अकॉर्डने घेतली आहे. तपासणी अहवाल जाहीर होतात. दुरुस्तीला पैसा उभा राहील हे ब्रँडने पाहायचं, दुरुस्ती टाळणाऱ्या कारखान्याशी व्यवहार थांबवायचा. ब्रँडने शब्द मोडला तर संघटना लवादात जाऊ शकते. हे कागदावरच राहिलं नाही: अशाच एका दाव्यात २०१८ च्या जानेवारीत एका ब्रँडने २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. २०२३ पासून पाकिस्तानसाठीही असा करार आहे.

भोक उरतं ते उपठेक्यात. ऑर्डर तपासलेल्या कारखान्याच्या नावावर, शिलाई मात्र दुसऱ्याच गाळ्यात, जिथे कुणी निरीक्षक फिरकलेलाच नसतो. रोजचं उत्पादन आणि मशीनची संख्या ताडून पाहिली की हे उघड होऊ शकतं. खरेदीदाराने हा हिशेब प्रत्येक ऑर्डरमागे मागायला हवा.