कळा सुरू झाल्यावर नवऱ्याने नक्की काय करायचं?

"डूला ठेवली तर मग माझं काय काम?" असं बरेच नवरे विचारतात. डूला म्हणजे बाळंतपणात बाईला धीर द्यायला सतत सोबत राहणारी मदतनीस. प्रश्न रास्त आहे. पण डूला आली की नवऱ्याचं काम कमी होत नाही, उलट वाढतं.

डूला बाळंतपण करत नाही. आतून तपासणं, बाळाचे ठोके बघणं, औषध देणं हे डॉक्टर-नर्सचं काम. डूला कळांमध्ये बाईजवळून हलत नाही आणि शेजारी गोंधळून उभ्या असलेल्या माणसाचे हात कामाला लावते. २०१७च्या कोक्रेन आढाव्यात (वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित पडताळा) २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. सतत सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाण कमी दिसलं आणि कळांचा काळही सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी भरला. यातला 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. अधूनमधून डोकावणं म्हणजे सोबत नव्हे.

हात कामाला लावायचे म्हणजे काय, तर मुख्यतः कंबर दाबायची. कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर एक सपाट हाड असतं. त्यावर तळहाताची मनगटाकडची गादी टेकवायची, कोपर ताठ ठेवायचं आणि अंगाचा भार पुढे टाकायचा. कळ चढायला लागताच दाब द्यायचा, उतरेपर्यंत सोडायचा नाही. बहुतेक जण इथे तीन चुका करतात. घाबरून हलकं दाबतात, वर मणक्यावर दाबतात, नाहीतर चोळत बसतात. चोळून तासाभरात कातडी हुळहुळते आणि मग बाई हातच लावू देत नाही. नुसत्या बोटांच्या जोरावर दाबणाऱ्याचे हात दहा कळांतच भरून येतात. म्हणून हे सगळं आठव्या महिन्यातच करून बघायचं. जोर किती हवा हे तिने सांगायचं, त्याने ठरवायचं नाही.

बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असेल तर दोन कळांच्या मधेही कंबर ठणकत राहू शकते. अशा वेळी उताणं झोपून राहू नये. हात-गुडघ्यांवर ओणवं व्हावं किंवा पलंगाच्या कडेवर पुढे रेलावं.

बाकी कामं साधी, पण तीच विसरली जातात. दोन कळांच्या मधे पाण्याचा घोट द्यायचा (पिण्याची परवानगी असेल तर). दर दोनेक तासांनी लघवीची आठवण करायची, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याला खाली सरकू देत नाही. आणि ऐन कळेत प्रश्न विचारायचा नाही.

पहिलटकरणीला सहसा सांगितलं जातं की कळा दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या आणि तासभर तशाच येत राहिल्या की निघा. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं किंवा ३७ आठवड्यांआधी कळा येणं, यात हे गणित लावायचं नाही. लगेच फोन करून निघायचं. पाणी गेल्याची वेळ आणि त्याचा रंग लिहून ठेवा. हिरवट असेल तर पोचताच सांगा.

शेवटी शेवटी थरथर सुटते, उलटी होते, "आता नाही होत माझ्याच्याने" असं बाई म्हणते. नवरा हमखास इथेच हबकतो. बऱ्याचदा गर्भाशयाचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडल्याची ती खूण असते. डूला तेव्हा त्याला फक्त तिच्या चेहऱ्यासमोर उभं करते आणि श्वास लांब सोडायला लावते.

एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून दिलं जाणारं औषध) घेतलं म्हणजे डूलाचं काम संपलं असं नाही. नर्सच्या मदतीने अर्ध्या-एक तासाने कूस बदलणं आणि गुडघ्यांमध्ये जाड उशी देणं चालूच राहतं.

डॉक्टरांनी काही सुचवलं आणि घाई नसेल तर "का, थांबलो तर काय, दुसरा मार्ग आहे का" हे जोडप्यानेच विचारायचं. डूला प्रश्नांची आठवण करून देते. डॉक्टरांशी वाद घालणारी डूला आमच्या मते टाळावी.

ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रसूतिगृहात नवरा आणि डूला दोघांना एकत्र आत सोडतात का? आणि त्याच रात्री ती दुसऱ्या बाळंतपणात अडकली तर तिच्या जागी कोण येणार? त्या बदलीच्या बाईलाही आधी एकदा भेटून घ्या.