युद्धाच्या दिवसांत आलेला व्हिडिओ कसा तपासला: माझा अनुभव

ऑपरेशन सिंदूरच्या काळात, मे २०२५ मध्ये, नागपुरातल्या आमच्या ग्रुपवर पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते अहमद शरीफ चौधरी यांचा व्हिडिओ आला. पाकिस्तानची दोन जेएफ-१७ लढाऊ विमानं गेली, असं ते कबूल करताना दिसत होते. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे असल्या बातमीत सगळ्यांचाच जीव गुंतलेला. हवीहवीशी बातमी तपासायला कुणी थांबत नाही आणि खोटा प्रचार यावरच चालतो.

आधी चांगल्या प्रतीची कॉपी शोधावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओचा दर्जा घसरतो आणि ओठांच्या कडा पुसट होतात. एक्सवरून घेतलेल्या कॉपीचे वेगवेगळ्या क्षणांचे तीन-चार स्क्रीनशॉट काढले आणि व्हिडिओवर लिहिलेल्या मजकुराची पट्टी कापून गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकले. पट्टी ठेवली, तर लेन्स त्याच खोट्या व्हिडिओच्या कॉप्या दाखवत राहतं.

मूळ दृश्य २०२४ च्या पत्रकार परिषदेचं निघालं. बरेच जण इथंच फसतात: दृश्य खरं, म्हणजे व्हिडिओ खरा! इथं फक्त आवाज एआयनं बनवून ओठ त्याला जुळवले होते. म्हणून दोन्ही व्हिडिओ आवाज बंद करून शेजारी-शेजारी चालवावेत. मान आणि हातवारे जुळतात, ओठ जुळत नाहीत. एआय ओळखणाऱ्या साइट्सच्या टक्केवारीवर मी निर्णय सोडत नाही. फाइल लहान करताना दर्जा घसरलेल्या आवाजावर त्या सहज चुकतात.

ग्रुपवर खुलासा करताना खोटा व्हिडिओ पुन्हा टाकू नये. मूळ व्हिडिओची लिंक आणि नेमकं मिनिट द्यावं. व्हॉट्सअॅपवर पाच किंवा त्याहून जास्त वेळा पुढे गेलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण कुणी डाउनलोड करून नव्यानं टाकला, की मोजणी शून्यापासून. बाण नाही म्हणून व्हिडिओ ताजा, असं समजू नये.

जून २०२५ च्या इस्रायल-इराण युद्धात तर उद्ध्वस्त तेल अवीवची संपूर्ण एआयनं बनवलेली दृश्यं फिरली. तिथं मूळ व्हिडिओच नसतो. मग दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं वाचता येतात का, इमारती नकाशावरच्या त्या रस्त्याशी जुळतात का, हे बघावं लागतं. त्यावेळी गूगलचं व्हिओ ३ हे एआय व्हिडिओ बनवणारं साधन एका वेळी ८ सेकंदांचाच तुकडा देत होतं. दर ८ सेकंदांना दृश्य बदलत असेल, तर संशय घ्यावा.